नमुना क्रमांक चार

शाळेसाठी ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर निवडायला समिती नेमली गेली, तेव्हा गणिताच्या बाईंना तिच्यात घेतलं नाही. कारण लेखी कळवलं होतं : गणित हा संबंधित शिक्षिकेचाच विषय असल्यामुळे त्यांचे मत निःपक्षपाती राहील याची खात्री देता येत नाही. बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं, चार घड्या घालून पर्समध्ये टाकलं आणि स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "माझा दात दुखायला लागला की आता मी सुताराकडे जाणार. डेंटिस्ट पक्षपाती असतात."

स्टाफरूम हसली. बाईंच्या बोलण्यावर हसायची स्टाफरूमला सवय होती आणि हसवायची बाईंना. सव्वीस वर्षं त्या या शाळेत गणित शिकवत होत्या. मुलं पाठीमागे त्यांना 'कर्कटक' म्हणत. कंपासपेटीत ते टोकदार असतं ना, ज्याने बाक कोरतात, ते. बाईंना हे नाव ठाऊक होतं, आणि वरवर कपाळाला आठ्या घालत असल्या तरी मनातून ते त्यांना आवडायचं.

भानगड सुरू झाली होती परीक्षा मंडळाच्या एका परिपत्रकाने. शेवटच्या वर्षाच्या मुलांना यंदापासून गणिताच्या पेपरात ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर वापरता येणार होता. समीकरण टाकायचं, बटण दाबायचं, की पडद्यावर रेषा उमटते, वक्र उमटतो. मुलाने त्यावरून उत्तर लिहायचं. अट एकच. प्रत्येक शाळेने कोणतंही एक मॉडेल निवडून महिनाअखेरपर्यंत मंडळाला कळवायचं. परीक्षेच्या हॉलमध्ये तेच मॉडेल चालेल, दुसरं दाराबाहेर ठेवावं लागेल.

इतर मुलांना याने फारसा फरक पडत नव्हता. यंत्र नसलं तर ती पेन्सिलीने ग्राफ काढतील, चार शिव्या मनात देतील, संपलं. पण बाईंच्या वर्गात एक मुलगी होती, तिचा उजवा हात जन्मापासून थरथरायचा. डाव्याचीही तीच गत, थोडी कमी. समीकरण नुसतं फळ्यावर लिहिलं की वक्र कुठून वर चढणार, कुठे वळणार, अक्षाला कुठे छेदणार हे ती डोळे मिटून सांगायची. कागदावर मात्र पेन्सिल तिचं ऐकायची नाही. अर्धा पेपर ग्राफचा, त्यामुळे चाळीसपैकी अकरा, कधी तेरा. मंडळाने सहानुभूती म्हणून तिला अर्धा तास जादा दिला होता. "म्हणजे अर्धा तास जास्त थरथरायला मिळतं," असं बाईच एकदा म्हणाल्या होत्या, आणि तेव्हाही स्टाफरूम हसली होती.

बाईंचा आणि त्या मुलीचा आणखी एक जुना व्यवहार होता. दोन वर्षांपूर्वी ती नवीनच शाळेत आली, तेव्हा बाईंनी तिची वही वर्गासमोर उंच धरून विचारलं होतं, "हा ग्राफ आहे की भूकंपाची नोंद?" वर्ग खो खो हसला. तिच्या हाताचं बाईंना माहीत नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं, बाईंनी विचारलं नव्हतं. मुलं तिला 'भूकंप' म्हणू लागली. आठवड्याभराने बाईंना खरं कळलं, तेव्हा जिवाला लागलं. पण माफी मागणं हा प्रकार बाईंच्या अंगवळणी नव्हता. त्यांनी मुलीला दर रविवारी घरी शिकायला बोलावलं, फी न घेता, आणि विषय मिटला असं स्वतःशी ठरवून टाकलं.

त्या रविवारांत एक गोष्ट घडली. बाईंच्या भाचीने इंजिनियरिंग संपल्यावर आपला ग्राफचा कॅल्क्युलेटर मावशीकडे टाकून दिला होता. तो एकदा सहज मुलीच्या हातात दिला. त्याची बटणं उंच, टणक, एकमेकांपासून लांब. डाव्या हाताने उजवं मनगट धरून, अंगठा रोवून ती एकेक बटण दाबायची आणि पडद्यावर स्वच्छ वक्र उमटायचा. पहिल्यांदा उमटला तेव्हा ती म्हणाली, "बाई, माझ्या डोक्यात असाच दिसतो."

बाईंचे सासरेही तेव्हा तिथेच बसले होते. ते घड्याळं दुरुस्त करायचे. चार वर्षांपूर्वी त्यांचे हात कापायला लागले आणि दुकान बंद करावं लागलं. घरात त्यांना चहा अर्धा कपच देत, सांडू नये म्हणून. मुलगी आली की तिलाही अर्धा कप. दोघं समोरासमोर बसून आपापला अर्धा कप प्यायची, आणि म्हातारा तिला 'पार्टनर' म्हणायचा.

"यंदा तुझा ग्राफ तिरका यायचा नाही," बाईंनी मुलीला सांगून टाकलं होतं. परिपत्रक आलं त्याच दिवशी, समिती नेमली जाण्याच्या आधी.

समितीची सभा वाचनालयात भरली. लांब टेबलावर हिरवं कापड, मध्ये पाण्याचा जग, चार ग्लास, खिडकीतून दुपारचं ऊन. अध्यक्ष अर्थातच मुख्याध्यापक. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. सदस्य दोन : लायब्ररीच्या मॅडम आणि खेळाचे शिक्षक. या शिक्षकांना शिट्टी सर म्हणत, कारण शिट्टी त्यांच्या गळ्यात लग्नातही असते अशी वदंता होती. इतिवृत्त लिहायला हेडक्लार्क भाऊसाहेब. गणिताच्या बाईंना 'विशेष निमंत्रित' म्हणून बोलावलं होतं. विशेष निमंत्रिताने मत द्यायचं नाही, विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि शेवटी सही करायची, असं त्या पदाचं वर्णन होतं.

विक्रेत्याने तीन नमुने पाठवले होते. ते खोक्यांतून काढून शिपायाने टेबलावर मांडले. त्याआधी भाऊसाहेब येऊन आपली जागा लावून गेले होते : इतिवृत्ताची वही, दोन पेनं, शाईचा पॅड आणि आपला टेबलावरचा कॅल्क्युलेटर. शिक्का विसरला म्हणून ते परत ऑफिसात गेले, आणि तेवढ्यात शिट्टी सर आले. त्यांच्याकडे धावण्याच्या शर्यतीतले, छातीवर चिकटवायचे नंबर उरले होते. टेबलावर दिसतील तेवढ्या यंत्रांना त्यांनी ते ओळीने चिकटवून टाकले. एक, दोन, तीन, चार.

चार नंबर लागला तो भाऊसाहेबांच्या कॅल्क्युलेटरला.

पाटीएवढं ते राखाडी धूड एकोणीस वर्षं ऑफिसात होतं. बटणं पिवळी पडलेली, सातचा आकडा बोटांनी पुसून गेलेला, बॅटरीचं झाकण पडू नये म्हणून रबर लावलेलं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. एवढंच यायचं त्याला, पण ते मात्र इमानेइतबारे.

बाई आत आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि त्यांची नजर चार नंबरवर पडली. क्षणभर त्यांना वाटलं आपण काहीतरी चुकीचं बघतोय. मग उलगडा झाला आणि त्यांनी घाईघाईने रुमाल तोंडाला लावला.

"अजेंड्यात तीन नमुने लिहिलेत सर," लायब्ररीच्या मॅडम म्हणाल्या. त्यांना मोजायची सवय होती.

मोठ्या सरांनी चष्मा वर करून टेबल न्याहाळलं. "विक्रेत्याने एक जास्त पाठवलेला दिसतो. चांगलं आहे. निवडीला वाव राहतो. भाऊसाहेब, दुरुस्ती करून घ्या, चार नमुने."

भाऊसाहेब शिक्का घेऊन दारात उभे होते. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, आपल्या यंत्रावरच्या चाराकडे पाहिलं आणि ते उचलायला हात पुढे केला.

"नमुन्यांना हात लावायचा नाही भाऊसाहेब," मोठे सर म्हणाले.

भाऊसाहेबांनी हात मागे घेतला. इतिवृत्त लिहिणाऱ्याने सभेत बोलायचं नाही, हा नियम मोठ्या सरांनीच कधीतरी घालून दिला होता, आणि भाऊसाहेब नियम म्हणजे जीव की प्राण मानणारे. ते बसले आणि लिहू लागले. चार नमुने.

आता खरं तर बाईंनी हात वर करायचा. 'सर, ते भाऊसाहेबांचं आहे' एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पण बाईंच्या पर्समध्ये ते चार घड्यांचं पत्र होतं. पक्षपाती म्हणे. बघू या तरी हे निःपक्षपाती लोक काय दिवे लावतात ते, असं बाईंनी मनाशी म्हटलं आणि खुर्चीला पाठ टेकली. आत्ता पाच मिनिटांत यांच्या लक्षात येईल, सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतील, आणि उद्या स्टाफरूमला चांगला महिनाभर पुरेल असा मसाला मिळेल.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. कुणाच्याही लक्षात आलं नाही, आणि त्याचं कारण सरळ होतं. ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर नक्की काय करतो हे त्या टेबलाशी बाई सोडल्या तर कुणालाच माहीत नव्हतं. आणि आपल्याला माहीत नाही हे कळू न देण्यात तिघंही वाकबगार होते. मोठे सर प्रत्येक यंत्र हातात घेऊन "हं" म्हणत, मॅडम "अच्छा" म्हणत, आणि शिट्टी सर ते तळहातावर तोलून पाहत.

गुण द्यायला तक्ता केला होता. पाच रकाने, प्रत्येकी दहा गुण. पहिला रकाना मजबुती. हे खातं शिट्टी सरांचं. त्यांनी प्रत्येक नमुना टेबलाच्या उंचीवरून जमिनीवर टाकला. एक नंबरचा काचेचा पडदा तडकला. तो बोटाने चालवायचा होता. बाईंनी मनात म्हटलं, बरं झालं, मुलीचं बोट त्यावर एकाऐवजी तीन ठिकाणी उमटलं असतं. दोन नंबर, म्हणजे भाचीचंच मॉडेल, नवंकोरं, पडलं आणि काही न होता उचललं गेलं, फक्त कोपऱ्याला ओरखडा. तीन नंबरची दोन इवलीशी बटणं निघून कपाटाखाली गेली. चार नंबर पडला तेव्हा फरशीचा टवका उडाला. त्याला दहा मिळाले.

दुसरा रकाना माहितीपुस्तिका. हे मॅडमचं खातं. दोन नंबरची पुस्तिका चारशे बारा पानांची. "एवढं कोण वाचणार," ग्रंथपालच म्हणाल्या. "चारची पुस्तिकाच नाही सर. म्हणजे गरजच पडत नसावी." दहा.

तिसरा शांतता, म्हणजे हॉलमध्ये बटणं किती वाजतील ते. चौथा रकाना मोठ्या सरांनी स्वतःच्या हाताने घातला होता : गैरप्रकारास आळा. त्यासाठी यंत्रं चालू करून बघणं भाग होतं. शिट्टी सरांनी दोन नंबरवर दिसतील ती बटणं दाबली आणि पडद्यावर छान टोपीसारखा वक्र उमटला. तिघंही वाकून बघू लागले.

"हे तर उत्तरच दाखवतंय," मोठे सर म्हणाले.

"सरळसरळ," मॅडम म्हणाल्या.

"मग मुलांनी काय करायचं?" मोठ्या सरांनी दोन नंबरसमोर शून्य लिहिलं. "आता चार दाखवा."

शिट्टी सरांनी चारवर हवी ती बटणं दाबली. कितीही दाबली तरी आकडेच आले.

"हे पाहा," मोठे सर समाधानाने म्हणाले. "याच्यात तसलं काही निघत नाही. दहा."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रुमाल ओला झाला होता, बरगड्या दुखत होत्या. इतकं सुख त्यांना शाळेत कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. मोठ्या सरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी एकदम विचारलं, "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना? चारही नमुने बघितलेत ना तुम्ही? काही म्हणायचंय?"

विचारलं होतं. अगदी तोंडावर, नाव घेतल्यासारखं विचारलं होतं. बाईंनी रुमाल खाली घेतला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, "समितीची नजर पारखी आहे सर. मी काय वेगळं सांगणार?"

भाऊसाहेबांनी ते लिहून घेतलं.

पाचवा रकाना 'एकंदर छाप'. त्यातही चारने बाजी मारली, कारण ते टेबलावर ठेवलं की टेबलावर काहीतरी ठेवलंय असं वाटायचं. मग बेरीज आली. भाऊसाहेब सवयीने कॅल्क्युलेटर शोधू लागले. "करा की चारवरच," मोठे सर म्हणाले. "तेवढीच चाचणी." भाऊसाहेबांनी चार नंबरवर चारही नमुन्यांची बेरीज केली. चारला सत्तेचाळीस. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर, एकोणीस वर्षांत प्रथमच, अभिमानासारखं काहीतरी दिसलं.

वही सहीसाठी फिरली. आता तरी कुणी बोलेल, असं बाईंना वाटत होतं. भाऊसाहेब तरी. बाईंनी सही केली ती हसू दाबत, वर काय लिहिलंय ते न वाचता. घंटा झाली. त्यांचा नववीचा तास होता. संध्याकाळी जाताजाता सरांच्या कानावर घालू, असं म्हणून त्या उठल्या.

पंखा दुरुस्त करायचा अर्ज जी शाळा आठ महिने टेबलाटेबलावरून फिरवते, तिने मंडळाचं पत्र त्या दिवशी वीस मिनिटांत रवाना केलं. चार वाजता बाई ऑफिसात गेल्या तेव्हा मोठे सर घरी गेले होते आणि चार नंबर कपाटात कुलूपबंद होता. बाहेर भाऊसाहेब बोटांवर हजेरीची बेरीज करत बसले होते.

घरी चहाच्या वेळी बाईंनी सगळी हकिकत साग्रसंगीत सांगितली. शिट्टी सर कसे वाकले, मोठे सर कसे "हं" म्हणाले, नकलांसकट. नवरा हसून हसून लोटपोट झाला. "अगं थांब, ठसका लागला," म्हणत त्याने कप खाली ठेवला. सासरे मात्र आपला अर्धा कप दोन्ही हातांत धरून ऐकत होते.

"मग दोन नंबर पडला?" त्यांनी विचारलं.

"पडला की मामंजी. शून्य दिलं त्याला. उत्तर दाखवतो म्हणून."

"आणि पत्र गेलं?"

"गेलं."

म्हाताऱ्याने कप बशीत ठेवला. तो थोडा वाजला. "मग माझ्या पार्टनरचं काय?"

नवऱ्याचं हसू ओसरलं. बाईंना मुलगी आठवली नव्हती असं नाही. आठवली होती, एक नंबरचा पडदा तडकला तेव्हाच आठवली होती. पण हसण्याच्या भरात ती कुठेतरी मागे राहिली.

"तुला दिसत होतं ना, सूनबाई?" सासऱ्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना जास्त झोंबलं. "मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं त्यांचं त्यांनाच कळेल."

"घड्याळ मागे पडतंय हे घड्याळाला कधी कळत नाही. शेजारच्याने सांगावं लागतं," म्हातारा म्हणाला आणि कप पुन्हा उचलायच्या खटपटीला लागला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधीच बाई मोठ्या सरांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. मोठ्या सरांचा विश्वास बसेना. मग त्यांनी कपाट उघडलं, चार नंबर बाहेर काढला, शर्यतीचा नंबर हळूहळू सोलला. खाली काळ्या शाईत, भाऊसाहेबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : कार्यालय. हलवू नये.

मोठे सर खाली बसले. त्यांनी ते तीन शब्द पुन्हा वाचले.

"ठराव एकमताने झालाय बाई."

"म्हणून तर म्हणते, तो बदलायला हवा."

"बदलायचा म्हणजे समिती चुकली असं लिहायचं?" मोठ्या सरांनी मान हलवली. "समिती चुकत नसते. चुकली तरी एखादी व्यक्ती चुकते."

त्यांनी भाऊसाहेबांना बोलावलं. मंडळाच्या नियमांची वही निघाली. कळवलेलं मॉडेल बदलायची सोय होती, नाही असं नाही. छापील अर्ज होता, आणि त्यात कारणं दोनच छापलेली होती. लेखनिकाची चूक, किंवा तज्ज्ञाच्या मतातली चूक. जी असेल त्यापुढे खूण करायची, चूक करणाऱ्याने खाली कबुली लिहायची आणि तिची प्रत शाळेच्या फलकावर सात दिवस लावायची.

"लेखनिकाची म्हणू या," मोठे सर म्हणाले. "काय भाऊसाहेब?"

सभा नव्हती, म्हणून भाऊसाहेब बोलले. "सर, एकोणीस वर्षांत माझ्या वहीत खाडाखोड नाही. बोललं गेलं तेच मी लिहिलंय. काढून दाखवू?" त्यांनी पान उघडलं आणि वाचलं, "विशेष निमंत्रित गणित शिक्षिका यांना विचारणा केली असता त्यांनी समितीच्या पारखी नजरेबद्दल समाधान व्यक्त करून अनुकूल मत दिले."

"अहो, तो टोमणा होता," बाई म्हणाल्या.

"टोमण्याला वहीत जागा नाही बाई," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "माझ्यासमोर यंत्र होतं, मला बोलायची मनाई होती. तुम्हाला तर विचारलं होतं."

बाईंच्या जिभेवर तीन-चार उत्तरं आली, एकाहून एक जहरी. हा माणूस काल आपल्याच डबड्याचा सत्कार बघत मिशीत हसत होता. हे सर काल उत्तर दाखवतो म्हणून कॅल्क्युलेटरला शून्य देत होते. आणि कबुली कुणी लिहायची, तर सगळ्या खोलीत ज्या एकीला कळत होतं तिने. हे सगळं खरं होतं. पण भाऊसाहेब म्हणाले तेही खरं होतं, आणि महिना संपायला चार दिवस होते.

"दुसरा नंबर कोणाचा आलाय?" बाईंनी विचारलं.

"नमुना दोन. एकवीस गुण."

"मग त्याचंच नाव घाला. द्या तो कागद इकडे."

मजकूर मोठ्या सरांनी सांगितला, कारण कबुलीची भाषा त्यांना चांगली यायची, दुसऱ्याच्या कबुलीची तर फारच. बाईंनी एकही शब्द न बदलता लिहून घेतला : 'ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर आणि साधा कॅल्क्युलेटर यांतील फरक मला ओळखता न आल्यामुळे माझ्याकडून समितीस चुकीचे मत दिले गेले, याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सही, हुद्दा, आणि सेवेची वर्षं सव्वीस.

"वर्षं घातलीच पाहिजेत का?" त्यांनी विचारलं.

"रकाना आहे," भाऊसाहेब म्हणाले. तेवढं बोलून त्यांनी चार नंबर छातीशी धरला आणि ते आपल्या टेबलाकडे गेले.

कागद फलकावर लागला आणि पहिल्या मधल्या सुट्टीत फलकापुढे ही झुंबड उडाली. कर्कटक बाईंना कॅल्क्युलेटर ओळखता येत नाही. सातवीच्या पोरांनीसुद्धा येऊन वाचलं. स्टाफरूममध्ये बाई शिरल्या की बोलणं थांबायचं आणि कुणीतरी उगाच खोकायचं. शिट्टी सर मात्र आपुलकीने जवळ येऊन म्हणाले, "होतं असं बाई. मलासुद्धा पहिल्या नजरेत शंका आली होती, पण म्हटलं तुम्ही आहात ना." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एक वाक्य तयार होतं, अगदी टोक काढून. त्यांनी ते गिळलं आणि हजेरीपुस्तक उचललं.

वर्गात शेवटच्या बाकावरून एकाने हात वर केला. त्याच्या हातात छत्रीची मूठ होती. "बाई, हे कोणत्या प्रकारचं यंत्र आहे?"

वर्ग हसला. अगदी मनापासून, पोट धरून हसला. बाई खडू हातात घेऊन उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी वर्ग हसवला होता; ते हसणं फळ्याच्या बाजूने कसं ऐकू येतं हे त्यांना आज कळलं. चेहरा कुठे ठेवावा ते समजेना. खिडकीजवळच्या बाकावर ती मुलगी बसली होती. ती तेवढी हसत नव्हती. वहीत मान घालून काहीतरी शोधत असल्यासारखं करत होती.

सात दिवसांच्या आत मंडळाचं उत्तर आलं. दुरुस्ती मंजूर, नमुना दोन मान्य. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. तिच्या हातात शाळेने नुकताच दिलेला नवा कॅल्क्युलेटर होता. स्टाफरूममध्ये बाई एकट्याच होत्या. हल्ली त्या इतरांच्या नंतर डबा खात.

"बाई, फलकावर लिहिलंय ते खोटं आहे," मुलगी म्हणाली.

"शाळेचा शिक्का आहे त्याच्यावर."

"पण तुम्हीच तर मला शिकवलंत. रविवारी."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. सांगायला त्यांच्याकडे बरीच कारणं होती : समिती, पत्र, नियम, छापील अर्ज. "मला सभेत सगळं दिसत होतं," त्या म्हणाल्या. "तुझं यंत्र पडतंय हेही दिसत होतं. मला हसू येत होतं, म्हणून मी गप्प बसले."

मुलीने यावर विचार केला. तिला नवल वाटल्याचं दिसलं नाही. ती समोरच्या खुर्चीवर बसली, कॅल्क्युलेटर टेबलावर ठेवला आणि विचारलं, "वर्गात अजून हसतात का तुम्हाला?"

"हसतात थोडे."

"आज कितवा दिवस?"

"पाचवा."

"मग आता संपेल," मुलगी समजूत काढल्यासारखं म्हणाली. "पहिले दोन दिवस खूप हसतात. मग कुणी नवीन आला की त्याला सांगतात. पाचव्या-सहाव्या दिवशी कंटाळतात. तुम्ही फक्त वर बघायचं नाही. वहीत काहीतरी शोधत राहायचं."

बाईंनी डबा बाजूला सारला.

"आणि भूकंपाला?" त्यांनी विचारलं. "त्याला किती दिवस लागले?"

मुलीने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि यंत्र चालू केलं. "त्याला जरा जास्त लागले बाई," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "अजून आहे थोडा."

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. फार हळू म्हणाल्या, पण म्हणाल्या. ही कबुली फलकावर कुणी लावणार नव्हतं.

अंगठा रोवून मुलगी एकेक बटण दाबत होती. बाई वाट बघत राहिल्या. मग तिने यंत्र त्यांच्याकडे वळवलं. पडद्यावर वक्र खालून चढला होता, वळला होता, आणि अक्षाला जिथे छेदायचा तिथेच छेदत होता.

"बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि तिला पुढचं समीकरण सांगितलं.